"आमची संघटना तुमच्यासाठी कायदा बदलून घेते" असं एजंट म्हणाला तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रोडला टू बीएचके बघताय. एजंट म्हणाला, "साहेब, आमची संघटना घर घेणाऱ्यांच्या वतीने मंत्रालयात निवेदनं देते. रेरा कडक झाला तो आमच्यासारख्यांमुळे. तुम्ही निर्धास्त राहा." (रेरा म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीचा स्थावर मालमत्ता कायदा.) आणि त्याच दमात त्याने एक लाखाचा ईओआयचा, म्हणजे घर घ्यायची इच्छा दाखवणारा, चेक मागितला, कारण टॉवर अजून लाँच व्हायचाय. तुम्हाला विचारायचंय की दलाल खरोखर गिऱ्हाइकाच्या बाजूने कायद्यासाठी भांडतात का, की ही नुसती बोलाची कढी.

मी स्वतः दलाल. नौपाड्यात 1998 पासून धंदा करतोय, आधी वडिलांच्या किराणा दुकानाच्या पोटमाळ्यावरून, आता जरा बऱ्या जागेतून. निवेदनं मीही दिली आहेत, शिष्टमंडळात मागच्या रांगेत उभं राहून फोटोही काढून घेतलेत. त्यामुळे हे उत्तर माझ्याच धंदेवाल्यांविषयी आहे, थोडं माझ्याविषयीही.

भांडतात. पण कुठे भांडतात आणि कुठे गप्प बसतात, ते बघा. एजंटची मिळकत सौदा पुरा होण्यावर असते. सौदे वाढवणारा बदल हवा असेल तर आम्ही हिरिरीने पुढे असतो, आणि तेव्हा तुमचं हित आणि आमचं हित एका दिशेला असतं. मुद्रांक शुल्काचं घ्या. कोविडच्या काळात, 1 सप्टेंबर 2020 पासून डिसेंबरअखेरपर्यंत सरकारने तीन टक्के शुल्क कमी केलं, नंतर मार्च 2021 पर्यंत दोन टक्के कमी. बिल्डरांच्या संघटनांइतकीच एजंटांनीही ही मागणी लावून धरली होती. सवलत आली तशी दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर रांगा लागल्या. गिऱ्हाइकाचे लाखभर ते दोन लाख वाचले हे खरं. आमचा थांबलेला धंदा सुरू झाला हेही तितकंच खरं.

जीएसटीचंही तेच. एप्रिल 2019 पासून परवडणाऱ्या घराला एक टक्का आणि बाकीच्या बांधकामाखालच्या घरांना पाच टक्के. परवडणारं म्हणजे मुंबई महानगर प्रदेशात 60 चौरस मीटर कार्पेटपर्यंत (घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा) आणि 45 लाखांच्या आत. आता कासारवडवलीला किंवा माजिवड्याला 45 लाखांत नवीन घर दाखवणारा कुणी भेटला तर मला त्याचा नंबर द्या. ही मर्यादा वाढवा असं एजंट बोंबलतात ते बरोबरच आहे, मीही बोंबलतो. फक्त त्याला कुणी समाजसेवा म्हणू नये.

खरी परीक्षा होते ती कायद्याने आमच्याच खिशाला चाट बसते तेव्हा.

रेराचं श्रेय आधी योग्य जागी देतो. तो कायदा आणायला रेटा दिला तो घरं अडकलेल्या लोकांनी आणि मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या ग्राहक संस्थांनी. विधेयक 2013 साली राज्यसभेत आलं, तिथून प्रवर समितीकडे गेलं आणि मार्च 2016 मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. पुढे पश्चिम बंगालने हिरा नावाचा स्वतःचा वेगळा कायदा चालवला, तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला तो घरखरेदीदारांचा मंच. 4 मे 2021 रोजी न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवून रद्द केला. या मोठ्या लढायांत आम्ही दलाल बहुतेक वेळा काठावर बसून होतो. तुमच्या एजंटने "आमच्यामुळे" म्हणताना तोंडावर थोडा ताबा ठेवायला हवा होता.

मग आमचा वाटा कुठे? तो असतो बारीकसारीक गोष्टींत. घर विकणाऱ्याला काही भोकं सगळ्यात आधी दिसतात, वकिलालाही नंतर दिसतात, कारण फसलेला माणूस पहिल्यांदा आमच्याच ऑफिसात येऊन टेबलावर हात आपटतो.

2006 साली मी राबोडीतल्या एका शिंपीकाकांना कोलशेतकडे फ्लॅट दाखवला. ब्रोशरवर 650 चौरस फूट. ताबा मिळायच्या आधी काका गळ्यातली टेप घेऊनच आले. साठ इंची टेप. ती पुरेना, म्हणून दर पाच फुटांवर स्कर्टिंगवर खडूने खूण करत, गुडघ्यावर सरकत त्यांनी अख्खं घर मोजलं. मी तिथेच उभा. बेरीज वहीत केली ती 410 च्या आसपास आली. काही बोलले नाहीत, टेप गुंडाळली, मग म्हणाले, "दादा, दोन मीटर कापड घेऊन मी सव्वा मीटरचा शर्ट शिवला तर गिऱ्हाईक मला सोडेल का?" बिल्डरने जिना, लिफ्ट, गच्ची, गेटवरची केबिन सगळं सुपर बिल्ट-अपमध्ये कोंबलं होतं. मला हे माहीत होतं. सगळ्या एजंटांना माहीत होतं. "लोडिंग" हा शब्द आम्ही इतक्या सहज वापरायचो, जणू टेम्पोत सामानच भरतोय.

त्यानंतर प्रत्येक बैठकीत, प्रत्येक निवेदनात मी एकच तुणतुणं वाजवलं: भाव कार्पेटवरच सांगायचा आणि कार्पेट म्हणजे काय ते कायद्यानेच सांगायचं. रेराने ते केलं. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची वजा. घराच्या आतल्या भिंती धरून. भिंतींच्या आतली वापरायची जागा म्हणजे कार्पेट. माझ्या तुणतुण्यामुळे ते झालं असं मी म्हणणार नाही. पण ठाण्यातल्या एजंटांत "कार्पेटवर बोला" म्हणणारे काही जण होते, आणि त्यांच्या साइट व्हिजिट कमी झाल्या होत्या, कारण शेजारचा एजंट तोच फ्लॅट 650 चा सांगून स्वस्त भासवायचा. तुमच्यासाठी भांडणं म्हणजे हे, ज्यात आपलं काहीतरी जातं.

डिसेंबर 2016 मध्ये राज्य सरकारने रेराच्या नियमांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला केला. मुदत थोडी होती. आम्ही चौघे जण माझ्या ऑफिसात रात्री बसलो. तेव्हा एक गोष्ट शिकलो, ती आजही नवीन पोरांना सांगतो. "नियम खरेदीदाराच्या हिताचे असावेत ही नम्र विनंती" असं लिहिलं की तो कागद फाइलला लागतो आणि फाइलमध्येच राहतो. उपयोग होतो तो कलमाचा नंबर, मसुद्यातलं वाक्य, त्याऐवजी हवं असलेलं वाक्य, आणि खाली नाव झाकलेल्या एखाद्या खऱ्या कराराची झेरॉक्स याचा. मंत्रालयातल्या अधिकाऱ्याला फ्लॅट विकायचा अनुभव नसतो. त्याच्या हातात करारातली लबाडी प्रत्यक्ष ठेवली तर त्याला लगेच समजते. नियम एप्रिल 2017 मध्ये अंतिम झाले. तेव्हा तक्रारीची फी दहा हजार होती, ती जास्त आहे अशी ओरड सगळीकडून झाली, पुढे पाच हजारांवर आली. आमच्या पत्रातली एक ओळ तरी कुणी वाचली का, देव जाणे. पण त्या रात्री लिहिलेला पार्किंगचा मुद्दा मी सोडला नाही.

पार्किंगचं सांगतो, कारण यात लोक आजही फसतात. मानपाड्यातल्या माझ्या एका गिऱ्हाइकाला तळघरात खांबाला खेटून जागा मिळाली. गाडी आत जाते, पण उजव्या बाजूचं दार उघडत नाही. हा माणूस दोन वर्षं गिअरवरून पाय टाकून डाव्या दाराने उतरत होता. करारात फक्त लिहिलेलं, "एक कव्हर्ड पार्किंग". तक्रार तरी काय करणार? पार्किंग तर दिलंय. उघडं पार्किंग आणि स्टिल्ट, म्हणजे इमारतीखालचं खांबांमधलं पार्किंग, फ्लॅटसारखं वेगळं विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात सांगून ठेवलं आहे. तरी वाटप कसं आणि किती मापाचं, याबाबत अंधारच होता. एप्रिल 2024 मध्ये महारेराने, म्हणजे रेरा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, सांगितलं की पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि नेमकी जागा वाटपपत्रात आणि विक्री करारात लिहायची. त्या दिवशी मी त्या गिऱ्हाइकाला फोन केला. तो म्हणाला, "आता सवय झाली हो, बायको म्हणते व्यायाम होतो."

आता आमच्या गळ्याला फास लागला ती गोष्ट. जानेवारी 2023 मध्ये महारेराने ठरवलं की एजंटला प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावीच लागेल, आणि 2024 सुरू झाल्यावर प्रमाणपत्राशिवाय काम करता येणार नाही. काय गहजब झाला म्हणून सांगू! तीस वर्षं धंदा केलेले लोक, "आता आम्ही या वयात पेपर सोडवायचे?" म्हणून संतापले. ग्रुपवर निषेधाचे मेसेज. ज्या संघटना गिऱ्हाइकाच्या हिताचे फलक लावतात, त्यांतल्याच काहींना ही अट पुढे ढकलायची घाई झाली होती, आणि मुदत एकदा वाढलीही. मी पन्नाशीत परीक्षेला बसलो. मुलगी शेजारी बसून कलमं पाठ करून घ्यायची, जसं मी तिच्याकडून पाढे करून घ्यायचो. पास झालो, किती मार्कांनी ते विचारू नका. पुढे प्रमाणपत्र नसलेल्या हजारो एजंटांची नोंदणी स्थगित झाली. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतला हा सगळ्यात कामाचा बदल आहे असं माझं मत आहे, आणि आम्ही तो मागितला नव्हता.

डोंबिवलीचं प्रकरण तुम्ही वाचलं असेल. 65 इमारती. महापालिकेच्या बनावट परवानग्या तयार केल्या आणि त्या कागदांवर महारेराचे नोंदणी क्रमांकही मिळवले. लोकांनी बँकेचं कर्ज काढून घरं घेतली. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला, तेव्हा आत माणसं राहत होती, देवघरं मांडलेली होती. हे उघड झाल्यावर मला घाम फुटला, कारण मीही गिऱ्हाइकाला सांगत आलो होतो की रेरा नंबर आहे ना, मग झालं. माझ्या ओळखीच्या एकाने तिथे फ्लॅट विकले होते. त्याने जाणूनबुजून फसवलं नव्हतं, नंबर बघितला आणि विश्वास ठेवला. पुढे महारेराने बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे आपली सीसी, थेट नियोजन प्राधिकरणाकडून तपासून घ्यायला सुरुवात केली. अशा वेळी एजंटांची संघटना खरोखर उपयोगी पडू शकते. कुठल्या वॉर्डात कोण कुठले कागद रंगवतो, हे गल्लीतल्या दलालाला महिनाभर आधी कळतं. ते लिहून द्यायची हिंमत मात्र फार थोड्यांकडे असते, कारण ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याच्याकडूनच उद्याचं ब्रोकरेज यायचं असतं.

आणि खरा प्रश्न तोच आहे. नव्या प्रकल्पात दलाली बिल्डर देतो. समजा सव्वा कोटीचा फ्लॅट आणि दोन टक्के, तर अडीच लाख रुपये बिल्डरच्या खात्यातून माझ्या खात्यात येतात. तुम्ही मला चहा पाजता, बिल्डर मला घर चालवायला देतो. आम्हाला आता "चॅनल पार्टनर" म्हणतात. कुणाचा पार्टनर ते नावातच आलं. अमेरिकेत खरेदीदाराचा स्वतःचा वेगळा एजंट असतो. तिथेही त्याचं कमिशन कुणी ठरवायचं यावरून कोर्टात मोठी भांडणं झाली, आणि तडजोडीनंतर ऑगस्ट 2024 पासून घर दाखवायच्या आधी खरेदीदाराशी लेखी करार करायचा नियम आला. आपल्याकडे असा खरेदीदाराचा एजंट जवळपास नाहीच. गिऱ्हाइकाकडून ठरावीक फी घेऊन फक्त त्याच्यासाठी काम करायचा प्रयोग मी दोन वर्षं करून पाहिला. लोक म्हणायचे, "समोरचा फुकट दाखवतोय, तुम्हाला कशाला द्यायचे?" त्यांचंही चूक नव्हतं.

जुन्या घरांच्या पुनर्विक्रीत तर अजूनच मोकळं रान आहे. रेराची एजंट नोंदणी लागते ती नोंदणीकृत प्रकल्पातल्या घरांसाठी. नेरूळ, वाशी, कळवा, विटावा इथल्या वीस-तीस वर्षं जुन्या सोसायटीतला फ्लॅट विकणाऱ्या दलालावर तो कायदा लागू होत नाही. माझ्याकडे 2019 साली एक बाई आल्या, नेरूळमध्ये सिडकोच्या घराला दोन लाख टोकन देऊन. पावती म्हणजे कालनिर्णयचं मार्च महिन्याचं पान, मागे पेनने रक्कम आणि सही. विक्रेत्याने तोच फ्लॅट आणखी दोघांना दाखवून टोकन घेतलं होतं. सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या घराला हस्तांतरणासाठी सिडकोची परवानगी लागते, शुल्क लागतं, याचा कागदावर पत्ता नव्हता. मध्ये ज्याने सौदा जुळवला त्याचं नावही त्या पानावर नव्हतं. निम्मे पैसे सोसायटीच्या सेक्रेटरींनी मध्यस्थी करून मिळवून दिले, बाकीचे गेले.

पुनर्विक्री करणाऱ्या प्रत्येक दलालाला नोंदणी आणि टोकनचा एक ठरलेला नमुना, एवढी मागणी मी आमच्याच बैठकीत तीन वेळा मांडली. तिन्ही वेळा चहा आला आणि विषय पुढच्या महिन्यावर गेला. कारण निम्म्या सदस्यांचा धंदाच त्या मोकळ्या रानात चालतो. महारेराचा वसुली आदेश मिळूनही पैसे न मिळणाऱ्या लोकांचंही तसंच. आदेश जिल्हाधिकारी कार्यालयात महसुली थकबाकीसारखा वसुलीला जातो आणि तिथे रांगेत पडून राहतो. त्यावर एजंट संघटनेने मोर्चा काढल्याचं मी तरी पाहिलं नाही. त्यात कुणाला कमिशन नाही.

आता तुमच्या एजंटकडे येऊ, कारण मला राग त्याच्या बढाईचा नाही, ईओआयचा आहे. रेराच्या कलम 3 प्रमाणे नोंदणी होण्याआधी प्रकल्पाची जाहिरात करायची नाही, बुकिंग घ्यायचं नाही, विकायचं नाही, नुसतं "या, घर घ्या" असं आमंत्रणसुद्धा द्यायचं नाही. "प्री-लाँच", "ईओआय", "फ्रेंड्स अँड फॅमिली फेज", नाव काहीही द्या, मामला तोच. आणि एजंटसाठी कलम 10 मध्ये पहिलीच अट आहे की नोंदणी नसलेल्या प्रकल्पातली विक्री जुळवायची नाही. मोडली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत दंड, घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत वाढणारा. ज्या कायद्याचा कैवार घेतल्याचं तो सांगतोय, तोच कायदा तो तुमच्यासमोर मोडतोय.

ईओआय परत मिळणारा असतो असं तो म्हणेल. बहुतेक वेळा मिळतोही. पण मधल्या काळात तुमचा चेक कुणाच्या नावाने फाटलाय ते बघा. नोंदणी झालेल्या प्रकल्पात पैसे त्या प्रकल्पाच्या ठरलेल्या खात्यात जातात आणि त्यातले 70 टक्के जमीन आणि बांधकामासाठीच वेगळे राहतात. ईओआयचा चेक अनेकदा भलत्याच कंपनीच्या नावाने असतो. शिवाय करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ईओआय ही त्या वाटेवरची पहिली पायरी.

तर त्याला सरळ म्हणा, महारेराचा नंबर येऊ द्या, मग बोलू. नंबर आला की महारेराच्या संकेतस्थळावर जाऊन प्रकल्पाच्या पानावरचे कागद स्वतः उघडा, त्याने व्हॉट्सअपवर पाठवलेली पीडीएफ नको. जाहिरातीवर क्यूआर कोड असायलाच हवा, तो स्कॅन केला तरी तिथेच पोचाल. त्याचा स्वतःचा एजंट क्रमांक आणि प्रमाणपत्र मागा. प्रामाणिक असेल तर त्याला राग येणार नाही, उलट बरं वाटेल. मला तरी वाटतं.

आणि सीसी बघताना शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ठाण्यात उंच टॉवरना परवानगी टप्प्याटप्प्याने मिळते: आधी जोत्यापर्यंत, मग काही मजल्यांपर्यंत, मग पुढे. तुम्ही लिहिलंय की तुम्हाला 27 व्या मजल्यावरचा खाडीकडे तोंड असलेला फ्लॅट दाखवतायत. प्रमाणपत्रात मजल्यांचा आकडा किती आहे ते पहिल्यांदा शोधा. तो 18 असेल, तर 27 वा मजला अजून फक्त ब्रोशरमध्ये आहे.